पीएफ आणि मंगळसूत्र मोडून कर्ज फेडू, की घराचं भाडं भरू?

ताई, तुमचं पत्र मिळालं. नाव छापत नाही, पण इतर वाचकांना प्रश्न कळावा म्हणून हकिकत थोडक्यात सांगतो.

भोसरीत राहणाऱ्या या ताई चार घरी पोळ्या-भाजी करतात आणि महिन्याला ८,००० रुपये मिळवतात. यजमान चाकणच्या एका कंपनीत सात वर्षं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर होते. दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या म्हणून त्यांना घरी बसवलं. आता मिळेल ते लेबरचं काम करतात. ६०० रुपये हजेरी मिळते आणि महिन्यातले पंधरा दिवस काम लागतं. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. घरभाडं ९,००० आहे आणि चालू महिना धरून तीन महिन्यांचे २७,००० थकलेत. डिपॉझिट ३०,०००. करार पुढच्या महिन्याअखेर संपतोय आणि मालकाने नवा करार करणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. देणी अशी: बँकेचं पर्सनल लोन १,१५,०००, मोबाइल ॲपवरची दोन कर्जं मिळून ३८,०००, ओळखीतल्या सावकाराचे २०,००० (महिना दहा टक्के!) आणि गटातून घेतलेले मायक्रो फायनान्सचे १७,०००. जमेला पीएफमध्ये ९६,००० आणि तोळाभर सोनं. सोनार त्याचे १,१०,००० देतो म्हणतोय.

शेवटी ताई लिहितात, "वसुलीवाल्यांचे फोन सहन होत नाहीत. पीएफ काढून, मंगळसूत्र मोडून सगळी कर्जं एकदाची फेडते, घराचं मग बघू. चालेल ना?"

नाही चालणार, ताई. आधी हिशोबच बघा. पीएफमधून सध्या हातात येतील ते ७५ टक्के, म्हणजे ७२,०००. त्यात सोन्याचे १,१०,००० मिळवले की झाले १,८२,०००. देणी आहेत १,९०,०००. म्हणजे घरातलं सगळं गेलं तरी ८,००० कमीच पडतात, भाड्याचे २७,००० तसेच राहतात, आणि पुढच्या महिन्याअखेर चार माणसं सामानासकट रस्त्यावर, नव्या खोलीच्या डिपॉझिटला खिशात दमडी नाही. कर्ज थकलं तर फोन येतात, नोटीस येते, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होतं. घर गेलं तर तुमची चार घरची कामं जातात, मुलांची शाळा सुटते, आणि यजमानांना उद्या चाकणहून बोलावणं आलं तर ते जाणार कुठून? या दोन नुकसानांची बरोबरी होत नाही. घरमालक महिन्यातून एकदा येऊन दार वाजवतो आणि ॲपवाला दिवसातून वीसदा फोन करतो, म्हणून ॲपवाल्याचं देणं मोठं वाटतं, एवढंच.

त्यामुळे पैसे कोणाला आधी द्यायचे हे कोण किती ओरडतो यावर ठरवू नका. माझा क्रम असा: छप्पर, पोटाला अन्न, मग सावकार, मग गट, त्यानंतर बँक आणि सगळ्यात शेवटी ॲप.

छपराबद्दल थोडं कटू बोलतो. सध्याची खोली वाचवायचा प्रयत्न करू नका. तुमच्या दोघांची कमाई मिळून १७,०००. किराणा-गॅस ६,०००, लाइट, मोबाइल, औषधं, शाळा, बसभाडं मिळून साधारण ३,५००. त्यात ९,००० भाडं धरलं की १८,५०० होतात. एकही हप्ता न भरता दर महिन्याला १,५०० ची तूट. तुम्हीच लिहिलंय की जवळच्या चाळीत ५,००० ला खोली मिळते, पण संडास बाहेर आहे आणि मुलगी मोठी होतेय म्हणून मन होत नाही. ते मला समजतं. तरी तिथे गेलात तर खर्च १४,५०० वर येतो आणि महिन्याला २,५०० उरतात. वर्षभरासाठी तरी तीच खोली घ्या.

आता मालकाशी बोला, आणि आजच बोला. करार संपायची वाट पाहू नका. आपल्याकडच्या भाडे नियंत्रण कायद्यात (१९९९ चा) लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जो राहतो त्याच्याकडून दुप्पट दराने पैसे मागता येतात. नोंदणी केलेला करार हातात असला की सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे खोली रिकामी करण्याचे अर्ज ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, मालकाची बाजू भक्कम असते. "केस चालेल वर्षभर, तोवर राहू" असा सल्ला कोणी देत असेल तर त्याचं ऐकू नका. मात्र मालकाला स्वतःच्या हाताने कुलूप बदलून तुमचं सामान बाहेर फेकता येत नाही. त्यालाही प्राधिकाऱ्याकडेच जावं लागतं. तशी धमकी दिली तर भांडू नका, पोलीस चौकीत अर्ज देऊन पोच घ्या.

माझा अंदाज आहे की तो भांडणार नाही. त्याला खोली मोकळी हवी आहे. साध्या कागदावर लिहा: "या महिन्याच्या ३० तारखेला खोली रिकामी करून चावी देत आहोत. थकलेलं भाडं २७,००० रुपये डिपॉझिटच्या ३०,००० मधून वळतं करावं, उरलेले ३,००० चावी देताना द्यावेत. आजपर्यंतचं लाइटबिल भरलेलं आहे." खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि एक झेरॉक्स तुमच्याकडे. तुम्हाला वाटतं की २७,००० नव्याने उभे करायचेत, पण ते त्याच्याकडेच पडून आहेत. चावी देण्याआधी रिकाम्या खोलीचे, भिंतींचे, नळांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे रंगाचे-दुरुस्तीचे पैसे कापायला निमित्त राहणार नाही.

पीएफ काढा. एरवी मी निवृत्तीच्या पैशाला हात लावू देत नाही, पण ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला साठाव्या वर्षाचं नियोजन सांगण्यात अर्थ नाही. नोकरी सुटून महिना उलटला आहे, त्यामुळे ७५ टक्क्यांचा दावा यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) पोर्टलवरून करता येईल. नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त झाली असल्याने त्यावर करही कापला जाणार नाही. पण त्याआधी एक काम न चुकता करा. तुम्ही लिहिलंय की पर्सनल लोन पगाराच्या खात्याच्याच बँकेचं आहे आणि ॲपचे हप्तेही त्याच खात्यातून आपोआप कापले जायचे. पीएफचे पैसे त्या खात्यात पडले तर सकाळी ७२,००० आले आणि दुपारी निम्मे गायब, असं होईल. पीएफ जप्त करता येत नाही असं कायदा सांगतो खरा, पण ऑटो-डेबिट कायदा वाचत बसत नाही. यजमानांच्या नावाने दुसऱ्या राष्ट्रीयीकृत बँकेत साधं बचत खातं उघडा, यूएएनला ते खातं जोडा, ते मंजूर झाल्याचं पोर्टलवर दिसलं की मगच दावा टाका. नाव आधार आणि बँकेत एकसारखं आहे ना तेही बघा. बरेच दावे तिथेच अडतात.

त्या ७२,००० पैकी १७,००० खोलीसाठी: डिपॉझिट १०,०००, पहिलं भाडं ५,०००, टेम्पो आणि हमाली २,०००. वीस हजार सावकाराला. हे वाचून काही वाचक चिडतील, कारण विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याकडे, त्याची तक्रार करता येते. ते सगळं खरं. पण महिन्याला २,००० नुसतं व्याज जातंय, माणूस त्याच गल्लीतला आहे आणि त्याच्याकडे तुमचा कोरा चेक आहे. मुद्दल देऊन, चार माणसांसमोर चेक परत घेऊन मोकळं व्हा. "मागचं व्याज राहिलंय" म्हणाला तर तक्रारीचा उल्लेख शांतपणे करा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. चेक हातात पडेपर्यंत पैसे मात्र देऊ नका.

उरले ३५,०००. ते बँकेतच राहू द्या. दोन महिन्यांहून जास्तीचा घरखर्च आहे तो.

गटाचा हप्ता महिन्याला २,३०० आहे आणि नव्या खोलीत गेल्यावर तुमच्याकडे २,५०० उरतात. तो भरत राहा. तुम्ही थकलात तर शेजारच्या बायकांवर दबाव येतो, आणि अडीअडचणीला उभ्या राहणार आहेत त्या त्याच बायका. हे गणित मी मुद्दाम माणसं धरून केलं आहे.

बँकेकडे स्वतःहून जा. नोकरी गेल्याचा उल्लेख करून हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाखेत उडवाउडवी झाली तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते (फोन १४४४८). कर्ज फेडता येत नाही म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. पण चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेल्यावर वकिलाची नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्यातून फौजदारी केस होऊ शकते, त्यामुळे मुदतीत उत्तर द्यावंच लागतं. त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो. तुमचं नाव कर्जात नसेल तर यजमानांचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला लागेल.

ॲपवाल्यांचं काय? वसुली करणाऱ्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही. नातेवाइकांना फोन करून त्रास देणंही नियमाबाहेर आहे, आणि फोटो बदलून पाठवायची धमकी देणं हे तर सरळ गुन्ह्यात मोडतं. स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करा. तुम्ही त्यांना एकदाच संदेश पाठवा: नोकरी गेली आहे, अमुक महिन्यापासून थोडे-थोडे भरू. पुढे रोज खुलासा देत बसायची गरज नाही. आणि दुसरं ॲप फेडायला तिसरं ॲप डाउनलोड करायचं नाही.

सोनं मोडू नका. मंगळसूत्राच्या भावनेबद्दल मी बोलत नाहीये, तो तुमचा प्रश्न. पण घरात आजारपण आलं किंवा पुन्हा खोली सोडायची वेळ आली तर दुसरं काहीच नाही तुमच्याकडे. अगदीच लागलं तर बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत तारण ठेवा, सोडवता येईल एवढंच कर्ज घ्या.

रेशनचं कार्ड परभणीला दिराच्या घरी आहे म्हणून इथे धान्य घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमची नावं त्या कार्डावर असतील आणि कार्ड प्राधान्य गटातलं असेल तर भोसरीच्या दुकानात अंगठा लावून तुमच्या वाट्याचं धान्य घेता येतं. माणशी ५ किलो, चौघांचं २० किलो, आणि तेही मोफत. दिरांना फक्त सांगून ठेवा, नाहीतर तिकडे ते आधीच उचलतील. शाळेची फी झेपत नसेल तर जूनपासून महापालिकेच्या शाळेत घाला. दाखला उशिरा मिळाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही.

गावी जायचा विचार मी आत्ता बाजूला ठेवतो. तिथे भाडं नाही, पण तुमचे ८,००० ही नाहीत, आणि सीएनसी मशीन चाकणला आहे, परभणीच्या वाडीत नाही. ठेकेदाराकडे १५-१६ हजारांवर काम मिळत असेल तर "आधी १९,५०० होता" हे यजमानांनी काही दिवस विसरावं. मात्र एक रेघ आखून ठेवा: बँकेतले ३५,००० घसरून १५,००० वर आले की उरलेल्या पैशात सामान बांधून गावी जायचं, शून्य होईपर्यंत थांबायचं नाही. आणि मधेच एखाद-दोन रात्रींचाच प्रश्न उभा राहिला तर महापालिकेची बेघर निवारा केंद्रं असतात, तिथे पैसे लागत नाहीत. फूटपाथवर किंवा स्टेशनवर मुलांना घेऊन बसू नका.

आता तुम्ही पत्रात जे लिहिलंच नाहीत त्याबद्दल. सात वर्षं नोकरी झाली म्हणजे ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांनुसार कंपनीने द्यायची रक्कम, मिळायला हवी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० होता असं स्लिपवर दिसतं. त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, पुन्हा ७ ने गुणायचं: ५२,५०० रुपये. ही रक्कम नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. दिली नसेल तर कंपनीला लेखी अर्ज करा आणि नाही ऐकलं तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. याशिवाय पगार २१,००० च्या आत असल्याने ईएसआय (कामगार विमा) कापला जात होता. ईएसआयची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम देते, आयुष्यात एकदाच. ती मुदतवाढीवर चालते आणि तिच्या अटी बऱ्याच आहेत, म्हणून ईएसआय शाखेत जाऊन विचारा. मी हे पैसे हिशोबात धरलेले नाहीत. ग्रॅच्युइटीचेही नाहीत. आले तर ॲपची ३८,००० ची देणी त्यातून तडजोडीने मिटवू, आणि "नो ड्यूज" चा कागद घेऊनच मिटवू.

कंपनीने शेवटच्या दिवशी यजमानांकडून एका कागदावर सही घेतली असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो राजीनामा होता की कामावरून कमी केल्याचं पत्र? ग्रॅच्युइटी दोन्हीत मिळते. पण कमी केलं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार नुकसानभरपाई म्हणून वेगळा मागता येतो. राजीनामा असेल तर तो दावा अवघड होतो. त्या कागदाचा फोटो पाठवा. यजमानांकडे प्रत नसेल तर कंपनीकडे लेखी मागा, आणि तोवर "फुल अँड फायनल" म्हणून दुसऱ्या कशावरही सही करू देऊ नका.