दिवे भडकत असतील तर आधी न्यूट्रल बघा, स्टॅबिलायझर नंतर

तुम्ही लिहिलंय की घराला थ्री फेज कनेक्शन आहे (म्हणजे करंट आणणाऱ्या तीन वायरी, तीन फेज, आणि करंट परत नेणारी एक सामाईक वायर, ती न्यूट्रल), वरचा गीझर लावला की हॉलमधले दिवे झगझगतात, स्वयंपाकघरातला पंखा मात्र मंदावतो, आणि वायरमननं मोठा स्टॅबिलायझर घ्यायला सांगितलाय. वाचून पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. स्टॅबिलायझर आज घेऊ नका.

मी परवानाधारक इलेक्ट्रिशियन नाही, तुमचं घर पाहिलेलं नाही, त्यामुळे प्रत्यक्ष काम जाणकाराकडूनच करून घ्या. पण लक्षणं ओळखण्यापुरतं मी खूप पैसे देऊन शिकलोय.

मोठं उपकरण लावल्यावर दिवे नुसते मंद होत असतील तर कारणं बरीच असू शकतात: लांबलचक सर्व्हिस वायर, बारीक वायर, कुठला तरी सैल जॉइंट. पण एकीकडे मंद आणि त्याच वेळी दुसरीकडे भडक, असं होत असेल तर न्यूट्रल सैल झालंय किंवा तुटलंय, असंच समजून चाला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४००. न्यूट्रल सुटलं की दोन फेजवरची उपकरणं त्या ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. एका फेजवर २००० वॅटचा गीझर, दुसऱ्यावर १०० वॅटचा एकच बल्ब, तिसऱ्यावर काहीच चालू नाही असं धरा. बल्बच्या वाट्याला ३८० व्होल्ट येतात आणि गीझरच्या वाट्याला जेमतेम २०. म्हणजे जळतं ते बिचारं छोटं उपकरण. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण तो करंट जास्त झाला तरच पडतो. आरसीसीबीही (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) पडत नाही, कारण तो फक्त गेलेला आणि परत आलेला करंट सारखा आहे का ते बघतो. व्होल्टेज जास्त झालंय हे या दोघांनाही कळत नाही. तुमचा स्टॅबिलायझरही ३८० व्होल्टवर स्वतःच जळू शकतो.

आता माझी चूक. आमच्या वायरमननं टेस्टर लावून न्यूट्रल गेलंय हे बरोबर ओळखलं. मग म्हणाला, ‘लाईनमन येईपर्यंत अर्थिंगवरून न्यूट्रल देतो.’ मीटरजवळच्या बोर्डात, आरसीसीबीच्या घराकडच्या बाजूला, अर्थिंगची हिरवी वायर न्यूट्रलच्या काळीला जोडली. आरसीसीबी लगेच पडायला लागला, तर तोही बायपास केला. दिवे शांत झाले आणि मी त्याला चहा पाजून पाठवला! त्या एका जोडणीचा मला आजही राग येतो, त्याच्यापेक्षा माझ्यावर जास्त, कारण आरसीसीबी पडत होता तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

न्यूट्रल आणि अर्थिंग शेवटी जमिनीतच जातात, मग फरक काय, असं मला वाटायचं. फरक हा की न्यूट्रलमधून रोजचा करंट परत जातो. अर्थिंगमधून एरवी काहीच वाहायला नको, ती फक्त बिघाडाच्या वेळेसाठी असते. घरच्या अर्थिंगचा रोध १० ओहम असेल आणि तिच्यातून ५ अँपिअर जाऊ दिले, तर अर्थच्या वायरवर ५० व्होल्ट येतात. तीच वायर फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या, गीझरच्या बॉडीला जोडलेली असते. एकोणीस दिवसांनी आई ओल्या हातानं वॉशिंग मशीनला टेकली आणि किंचाळली. तिला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी हे ज्याला त्याला सांगत सुटलोय.

त्या एकोणीस दिवसांत मी वीज कार्यालयात तीन चकरा मारल्या होत्या. पहिल्यांदा म्हणाले, डीपीवर (भागाच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त आहे, नवीन डीपी मंजूर झाला की सुटेल. दुसऱ्यांदा साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्यांदा, ‘मीटरच्या पुढचं काम तुमचं.’ खांबाकडे मान वर करून बघायला कुणी आलं नाही. आईला शॉक बसल्यावर मी अक्षरशः तिथंच बसून राहिलो, तेव्हा लाईनमन आला, खांबावर चढला आणि दहा मिनिटांत न्यूट्रलचा जळून काळा पडलेला जॉइंट काढून नवा केला. तोवर फ्रिजचा कॉम्प्रेसर, टीव्ही आणि सात एलईडी बल्ब गेले होते. भरपाई मागितली तर रजिस्टरमध्ये माझी तक्रार ‘व्होल्टेज कमी-जास्त’ अशी लिहिलेली निघाली, आणि तीही ‘निकाली’.

म्हणून तक्रार करताना शब्द नेमके वापरा. ‘लाईट कमी-जास्त होते’ म्हणू नका. ‘थ्री फेजचं न्यूट्रल सुटलंय, एका फेजवर ३०० व्होल्ट येतायत’ असं सांगा आणि तसंच लिहून घ्यायला लावा. त्यासाठी जाणकाराकडून मल्टिमीटरनं मोजून घ्या. आमचे आकडे होते ३००, १८५ आणि २२४, पण कुठल्याही दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. असं दिसलं की शंका उरत नाही. १९१२ या वीज तक्रारीच्या फोन नंबरवर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या, मल्टिमीटरच्या आकड्यांचे फोटो ठेवा. दाद लागली नाही तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४२ खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. मला हे माहीत नव्हतं, नाहीतर मी तिसरी चक्कर मारलीच नसती.

तोपर्यंत दिवे भडकले की मेन स्विच खाली. एकेक उपकरण बंद करत बसू नका, कारण जड उपकरण आधी बंद झालं की फेजवरचा समतोल पुन्हा बदलतो आणि भलतंच काहीतरी जळू शकतं. मीटरची पेटी स्वतः उघडू नका.

जाता जाता, जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर किटकॅट फ्यूज (चिनी मातीचे, तार घालायचे) असायचे. तुमच्याकडे न्यूट्रलवर फ्यूज असेल तर काढून तिथं सरळ लिंक (न वितळणारी धातूची पट्टी) बसवून घ्या, नाहीतर तो उडाला की पुन्हा हाच प्रकार. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची आणि घरातली तांब्याची असेल तर दोन्ही नुसत्या पीळ देऊन जोडू नयेत, बायमेटलिक लग (दोन वेगळ्या धातूंच्या वायरी जोडायचा खास तुकडा) लावायला सांगा. पावसाळ्यात असे जॉइंट लवकर खराब होतात. आणि स्टॅबिलायझरच्या पैशात आधी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या, तो व्होल्टेज बिघडलं की पुरवठाच तोडतो. हे माझं मत, इथले काही जण वेगळं सांगतील.

तुमच्या वायरमननं अर्थिंगला काही जोडलंय का, ते आजच विचारा. जोडलं असेल तर वॉशिंग मशीनपासून मुलांना लांब ठेवा आणि मेन बंद करून ती जोडणी आधी काढून घ्या. मोजलेले तिन्ही आकडे इथं लिहा, मी रात्री बघतो.