गेममधल्या पात्रांवर जीव जडतो तो कथेमुळे की खेळामुळे?

गेम खेळताना मजा नेमकी कशातून येते, त्यातल्या पात्रांवर जीव का जडतो आणि गेम डिझाइनकडे वळायचे तर आधी कथालेखन शिकावे का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही.

बारा वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत प्रोग्रामर होतो. किल्ल्याच्या तटावरून उड्या मारत पळणारा मुलगा आणि त्याच्यामागून येणारा खंड्या नावाचा गावठी कुत्रा, असा मोबाइलवरचा गेम आम्ही करत होतो. नुसत्या उडीवर मी महिना घालवला. तटाच्या कडेवरून पाय सुटल्यानंतरही सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, उडीचे बटण चालेल अशी सवलत ठेवली. ही युक्ती माझी नव्हे. पुढे २०१८ साली आलेल्या ‘सेलेस्ट’सारख्या अत्यंत कठीण गेममध्येही ती आहे. खेळणाऱ्याला सवलत दिसत नाही, फक्त आपल्याला जमते आहे असे वाटते. ती काढून टाकली की तोच माणूस बटण नीट चालत नाही म्हणून कुरकुरतो. मजेबद्दल मला एवढेच सांगायचे आहे.

जिव्हाळ्याचे मात्र सविस्तर सांगतो. कडेपाशी आला की खंड्या अर्धा सेकंद थबकायचा, मुलाकडे बघायचा आणि मग उडी घ्यायचा. हे मी ‘इको’वरून उचलले होते. गेम डिझायनर फुमितो उएदा यांच्या, २००१ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या या गेममध्ये योर्दा नावाच्या मुलीचा हात धरून तिला किल्ल्याबाहेर न्यायचे असते आणि त्यासाठी आर-१ हे बटण दाबूनच ठेवावे लागते. बोट उचलले की हात सुटतो. तिची भाषा आपल्याला कळत नाही. मोठी फट आली की आपण पलीकडून हाक मारायची, तिने उडी घ्यायची आणि अगदी शेवटच्या क्षणी तिचा हात पकडला जातो. तिच्याविषयी वाटणारी काळजी अशी आधी बोटात येते आणि मनात नंतर.

आमच्या डिझाइन प्रमुखांना हे पटत नव्हते. खंड्याच्या थबकण्याने खेळणाऱ्याचा वेळ जातो, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांना रडवायचे तर सुरुवातीला आजोबांच्या मृत्यूचा ९० सेकंदांचा प्रसंग हवा. तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला होता, हेही सांगायला हवे.

एका रविवारी इमारतीच्या वॉचमनचा ११ वर्षांचा मुलगा ऑफिसात आला होता. मी टॅबलेट त्याच्या हातात दिला आणि मागे उभा राहिलो. आजोबांचा श्वास थांबण्याआधीच त्याने ‘पुढे’ दाबले. तिसऱ्या लेव्हलमध्ये तो उडी मारून पलीकडे गेला आणि खंड्या कडेवर थबकला. वर घड्याळ उलटे मोजत असतानाही तो मुलगा मागे वळला, कडेपर्यंत आला आणि स्क्रीनला म्हणाला, “ये रे, काय नाय होत.” नंतर मी त्याला आजोबांविषयी विचारले, तर “कोणते आजोबा?” असा त्याचाच मला प्रश्न.

सोमवारी हे सगळे मी मीटिंगमध्ये सांगितले. “एका मुलावरून निर्णय घेत नाहीत,” असे उत्तर मिळाले. थबकणे काढले गेले, आजोबा राहिले आणि गेम कोणाच्या लक्षातही न येता बाजारातून गेला.

आता न्यायाने बोलायचे तर तो खंड्यामुळे पडला असे मी म्हणणार नाही. फोन तापायचा आणि दर दोन मिनिटांनी जाहिरात यायची. कथा निरुपयोगी असते, असेही माझे म्हणणे नाही. ‘इको’लाही कथा आहेच, शिंगे असल्यामुळे गावाने किल्ल्यात कोंडलेल्या मुलाची, पण तिचा भार त्या एका बटणावर आहे.

तेव्हा कथालेखनाचा वर्ग लावण्यापूर्वी एक पात्र आणि त्याच्यामागून येणारे दुसरे पात्र, एवढेच बनवा. ते अनोळखी माणसाच्या हातात द्या, स्वतः तोंड उघडू नका आणि तो कुठे थांबतो, कुठे मागे वळतो ते लिहून ठेवा. एका मुलावरून निर्णय घेत नाहीत असे कोणी म्हणाले, तर आणखी नऊ मुले बोलवा. मी तेव्हा ते केले नाही, नुसता भांडत बसलो.