पंप ट्रिप झाल्यावरचा, म्हणजे अचानक बंद पडल्यावरचा, दाबाचा झटका ईपानेटमध्ये (पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारं सॉफ्टवेअर) दिसेल का? सर्वांत अचूक सॉफ्टवेअर कोणतं?

ईपानेटमध्ये दिसणार नाही. ते एकामागून एक स्थिर अवस्था सोडवत जातं. पाण्याचं जडत्व आणि पाइपची लवचीकता त्याच्या गणितात नाहीच. बेंटली कंपनीचं हॅमर हे दाबाच्या झटक्यांसाठीचं सॉफ्टवेअर वापरा, नाहीतर पायथनमधलं टीएसनेट. ते मोफत आहे आणि ईपानेटचीच फाइल वाचतं.

पण 'सर्वांत अचूक' हा शब्द मला खटकला. आमच्याकडच्या एका पाणीयोजनेत सहा किलोमीटरची लोखंडी रायझिंग मेन, म्हणजे पंपापासून उंचावरच्या टाकीपर्यंतची पाइपलाइन, आहे. सल्लागाराचा सर्ज रिपोर्ट (दाबाच्या झटक्यांचा अहवाल) महागड्या सॉफ्टवेअरचा, रंगीत आलेखांचा, 'एअर व्हेसलची (झटका सोसणाऱ्या हवेच्या टाकीची) गरज नाही' असं सांगणारा. आणि लाइट गेली की सांधा फुटायचा, तोही पंपाजवळ नव्हे, टेकडीच्या माथ्यावर. आमच्या वरिष्ठांचं ठरलेलं उत्तर: ऑपरेटर व्हॉल्व्ह हळू बंद करत नाही. अहो, लाइट गेल्यावर व्हॉल्व्हपर्यंत पोचायला वेळ असतो का? दाबाची लहर टाकीपर्यंत जाऊन परत यायला १२ सेकंद लागतात, पंप त्याआधीच थांबलेला असतो.

मी रिपोर्टातला एल-सेक्शन (पाइपलाइनचा चढउतार दाखवणारी आकृती) साइटच्या लेव्हलशी, म्हणजे मोजलेल्या उंचीशी, ताडून पाहिला. दर ५०० मीटरला एकच लेव्हल भरलेली, आणि माथा नेमका दोन बिंदूंच्या मधे. मॉडेलमध्ये टेकडीच नव्हती! पाण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर, लहरीचा साधारण १००० मीटर. जुकोव्स्कीच्या सूत्राने (दोन्ही वेगांचा गुणाकार भागिले गुरुत्वत्वरण) प्रवाह एकदम थांबला तर दाबात १२२ मीटर पाण्याच्या उंचीइतका फरक. माथ्यावर मुळात दाब जेमतेम ३० मीटर. तो इतका खाली जातो की पाण्याची वाफ होते, स्तंभ तुटतो आणि दोन्हीकडचं पाणी परत येऊन एकमेकांवर आदळतं. माथ्याची लेव्हल घालून तेच मॉडेल चालवलं, तर पोकळी बरोबर तिथेच आली.

तेव्हा सॉफ्टवेअर नंतर निवडा, आधी लेव्हल नीट घ्या. पंप-मोटारीचं जडत्व कंपनीकडून मागून घ्या, डिफॉल्ट आकडा ठेवू नका. मॉडेलमधले एअर व्हॉल्व्ह (पाइपात हवा आत-बाहेर सोडणारे) साइटवर खरंच चालतात का तेही बघा. गंजून बसलेला व्हॉल्व्ह कागदावर छान हवा घेतो.

हो, एचडीपीईच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पाइपमध्ये लहरीचा वेग बराच कमी असतो, वरचे आकडे तिथे लावू नका. आणि स्तंभ तुटल्यानंतर दिसणारे उंच टोकदार दाब कधी कधी गणिताच्या पद्धतीतूनच आलेले असतात, त्यांच्यावर जसाच्या तसा विश्वास नको. पण पंप ट्रिपची केस चालवल्याशिवाय कुठल्याही ऑपरेटरला नोटीस काढू नका.