मोरी खावी का, आणि जाळ्यात आलेल्या पिल्लांचं काय करावं?

मालवणच्या बंदरावर उतरणाऱ्या शार्क माशांवर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतल्या चार प्रश्नांना इथे उत्तरं देते. शार्कला आमच्याकडे मोरी म्हणतात, रायगड-मुंबईकडे मुशी.

ताई, माझी मुलगी दहा दिवसांची बाळंतीण आहे. दूध वाढावं म्हणून तिच्या सासूबाई रोज मोरीचं कालवण द्या म्हणतात. माझ्या वेळी मीही खाल्लं होतं. तुमचा लेख वाचून मात्र मन खायला लागलं. द्यावं की नाही?
– एक आजी, कणकवली

आजी, आधी मुलीचं आणि बाळाचं अभिनंदन. मोरी या एका नावाखाली बाजारात फार वेगवेगळे मासे विकले जातात. तुमच्या वेळी घरात आली असेल ती बहुधा चपट्या, टोकदार नाकाची छोटी मोरी. ती पूर्ण वाढली तरी दोन-अडीच फुटांच्या पुढे जात नाही. आज बाजारात मोठ्या शार्कचे तुकडेही मोरी म्हणूनच मिळतात, आणि एकदा कातडी काढून तुकडे झाले की मासा कुठला होता हे मलाही सांगता येत नाही.

मोठे, बरीच वर्षं जगणारे, दुसरे मासे खाणारे मासे अंगात पारा साठवत जातात. तो आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचू शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच लहान मुलांनी टाळायच्या माशांत शार्कचं नाव घातलं आहे. तेव्हा माझं स्पष्ट मत असं, की या काळात मोरी नको. बांगडा द्या, पेडवे द्या. बाळंतिणीला लागणारी प्रथिनं त्यांत भरपूर आहेत आणि पाऱ्याची भीती फार कमी. विहीणबाईंना सांगताना माझं नाव पुढे करा, काही हरकत नाही.

मोरी शिळी झाली की नाकात जाणारा उग्र वास येतो, त्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. शार्कच्या रक्तामांसात युरिया असतो. मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. बर्फ वेळेवर मिळाला नाही की हा वास येणारच, आणि तसा मासा घेऊ नये.

मी वसईत कॉलेजला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ वैतरणेत एका तरुणाच्या पायाला शार्कनं चावा घेतला होता. खाडीत शार्क येतात कसे? आणि अशा माशाला वाचवायचं कशासाठी?
– एक विद्यार्थी

त्या तरुणाच्या वाट्याला जे आलं ते भयंकरच होतं, आकडे सांगून ते लहान करता येणार नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जगभरात माणसानं काहीही आगळीक न करता शार्कनं चावा घेतल्याच्या घटना वर्षाला साधारण शंभराच्या आतच नोंदल्या जातात.

बहुतेक शार्क गोड्या पाण्यात टिकत नाहीत. बुल शार्क टिकतो, कारण अंगातल्या क्षारांचं प्रमाण त्याला पाण्याप्रमाणे बदलता येतं. त्याच्या माद्या पिल्लं घालायला नदीच्या मुखाशी येतात, आणि पिल्लं पहिली काही वर्षं खाडीच्या मचूळ पाण्यात काढतात. तिथे मोठ्या शार्कची भीती कमी असते. म्हणजे आपली खाडी हे त्यांचं बाळपणाचं घर आहे. गढूळ पाण्यात, तिन्हीसांजेला किंवा मासळी साफ करतात त्या जागी पाण्यात उतरू नये, एवढी काळजी घ्या.

वाचवायचं ते एकदा कमी झाले की लवकर सावरत नाहीत म्हणून. ते कसं, हे शेवटच्या पत्राला दिलेल्या उत्तरात सापडेल.

मी दहावीत आहे. मला शार्कवर संशोधन करायचं आहे. मला पोहता येत नाही. चालेल का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

चालेल, पण शीक. माझं बरंचसं काम कोरड्या जमिनीवरच होतं. ट्रॉलर लागले की लिलावाआधी थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात टेपनं लांबी मोजायची, नर की मादी पाहायचं, मासा कुठे आणि कुठल्या जाळ्यात मिळाला ते विचारायचं. नर ओळखणं सोपं आहे, पोटाखालच्या परांना लागून दोन दांड्या असतात.

गेल्या हंगामात एका क्रेटमध्ये साधारण दीड फुटाची मोरी होती. जाळ्यातल्या धसक्यानं तिनं पिल्लं टाकली होती. बोटाएवढी, करडी, आणि नाळ अजून लोंबत होती. या छोट्या मोरीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, शार्कच्या सगळ्या जातींत सर्वांत लहान. त्यात बलक जवळपास नसतोच, म्हणून पिल्लू आईच्या पोटात वारेवर, म्हणजे प्लॅसेंटावर, वाढतं, आपल्यासारखंच. पाच-सहा महिने पोटात, आणि एका वेळी साधारण सहा ते अठरा पिल्लं. हे सगळं मासळीच्या क्रेटशेजारी उकिडवं बसून पाहायला मिळतं!

बारावीला जीवशास्त्र ठेव. पुढे रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे आणि वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. मासे विकणाऱ्या बायकांशी बोलायला मात्र आत्तापासूनच लाग. मासा ओळखायला मी निम्म्याहून जास्त त्यांच्याकडून शिकले.

ताई, मी देवगडचा, तांडेल आहे, म्हणजे मासेमारीची बोट चालवतो. तुमच्या लेखात हातोड्यासारख्या डोक्याच्या पिल्लांचा फोटो होता. ती आमच्या जाळ्यात येतात, पण आम्ही मुद्दाम धरत नाही. जाळं काय बघून मासा घेतं का? दोष मात्र आम्हालाच. आम्ही करायचं तरी काय?

दोष तुमचा नाही, आणि लेखातून तसा सूर निघाला असेल तर तो इथेच खोडते. डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा, हे सगळं सुटायला आलेली प्रत्येक पाटी विकावी लागते, हे मी रोज पाहते.

आता पिल्लांविषयी. हॅमरहेडचं ते पिल्लू उलटं करून पाहा. पुढच्या दोन परांच्या मध्ये, छातीखाली, बारीक चीर दिसेल. ती नाळेची जागा. चीर उघडी असेल तर ते नुकतंच जन्मलेलं आहे. त्याची आई वयात येते तीच मुळी दोन मीटरच्या आसपास लांब झाल्यावर, आणि त्याला कित्येक वर्षं लागतात. मग नऊ-दहा महिने, कधी वर्षभर पोटात वाढवून ती एक ते तीन डझन पिल्लं देते. बांगड्याची मादी अंडी घालते ती हजारोंनी. बांगडा एका वाईट हंगामातून सावरतो, हॅमरहेडला सावरायला तुमची-माझी अर्धी हयात जाईल. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून पुढच्या जेमतेम पन्नास वर्षांत जगभरात सत्तर टक्क्यांहून अधिक घटली, ती मासेमारी वाढली आणि हे मासे असे सावकाश सावरतात म्हणून. छोटी मोरी अजून पाट्या भरून येते, कारण ती वर्षा-दोन वर्षांतच विते. पण तिची पिल्लं बारा महिने होतात, त्यामुळे जून-जुलैच्या मासेमारीबंदीचा आसरा तिला थोडाच मिळतो.

जिवंत असेल तर पिल्लू सोडा, हे सांगणं मला सोपं आहे. पण हॅमरहेड जाळ्यात फार लवकर मरतो. रात्रभर टाकलेलं जाळं पहाटे ओढलं तर सोडण्यासारखं काही उरत नाही. म्हणून खरा उपाय आहे तो जिथे ही पिल्लं घोळक्यानं मिळतात, तिथे त्या आठवड्यापुरतं जाळं न टाकण्याचा, किंवा लवकर ओढण्याचा. तो फतवा काढून होणार नाही. तांडेल मंडळींनी एकत्र बसून ठरवलं तरच होईल.

प्रचंड, ठिपक्याठिपक्यांचा व्हेल शार्क आला तर गोष्ट वेगळी. २००१ पासून त्याला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. गुजरातेत एकेकाळी त्याची शिकार व्हायची. २००४ च्या सुमाराला रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हटलं, आणि तेच मच्छीमार जाळी कापून त्याला सोडायला लागले. आपल्या राज्यातही अशा संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळं कापावं लागलं, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती चालवतात. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तेव्हा जाळं कापायच्या आधी एका खलाशाच्या हातात मोबाइल द्या, मासा, जाळं आणि होडीचा नंबर एकत्र दिसू दे, आणि किनाऱ्याला लागल्यावर मत्स्य परवाना अधिकाऱ्याला कळवा.

माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. चीर उघडी असलेली पिल्लं मिळाली, की किती वाव पाणी होतं, कुठल्या खडपाच्या अंगाला, आणि जाळं किती वेळ पाण्यात होतं, एवढं वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊन तुमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीला मी देवगडला येते.