सेकंड हँड गाडी घेतल्यावर कळलं की ती पुढून ठोकलेली आहे, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी डीलरकडून गाडी घेतली, त्याने "एकही अ‍ॅक्सिडेंट नाही" असं छातीठोक सांगितलं, आणि आता पुढचा टायर एका बाजूने खातोय म्हणून अलाइनमेंटला नेली तर तिथला माणूस म्हणाला की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) दोन्ही बाजूंना जुळतच नाहीये, गाडी उजवीकडून लागलेली आहे. डीलर फोनवर म्हणतो बंपर घासला असेल, गाडी आणा, बघून देतो.

मी बॉडीशॉपमध्ये एस्टिमेट बनवायचं काम करतो, त्यामुळे हे प्रकरण दोन्ही बाजूंनी बघत असतो, फसलेला गिऱ्हाईक पण आणि लपवणारा पण. आधी एवढंच करा की गाडी डीलरकडे सोडू नका. तो चांगुलपणाने बोलत असेल तरी नको. त्याने एकदा उघडून काहीतरी ठोकठाक केली, आतून काळा अंडरकोट मारला, की तुमच्याकडे दाखवायला काही राहणार नाही आणि अलाइनमेंटवाल्याचं तोंडी बोलणं कुणी धरत नाही. दुसऱ्या कुणाकडूनही आत्ता दुरुस्ती नको, टायर सुद्धा फेकू नका.

आता मुख्य मुद्दा. गाडी लागली होती का हा प्रश्न तसा फुसका आहे, रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच कुठे ना कुठे लागलेल्या असतात. कुठे लागली आणि किती आतपर्यंत गेली हे बघायचं. बंपर, बोनेट, फेंडर, दरवाजे, डिकी हे सगळं बोल्टवर बसतं, काढून नवीन लावलं की विषय संपला, त्यावरून कुणी एवढं रडायचं कारण नाही. पण एप्रन (बोनेटखाली चाकावरचा आतला पत्रा), त्याच्या खालचे पुढे आलेले दोन चेसिस मेंबर, पिलर (छत धरणारे खांब), फ्लोअर, छत हे वेल्ड केलेलं असतं, हल्लीच्या बहुतेक गाड्यांत वेगळी चेसिस नसते, ही बॉडीच चेसिस. पुढचे मेंबर मुद्दाम असे बनवतात की धडकेत ते ठराविक जागी घडी पडत दुमडतात आणि धक्का खातात, म्हणजे केबिनपर्यंत कमी पोचतो. एकदा दुमडलेला मेंबर ओढून सरळ केला तर तो दिसायला सरळ दिसतो, पण पुढच्या वेळी तसाच दुमडेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि एअरबॅग कधी उघडायची याचा हिशोबही त्याच्या दुमडण्यावर बसवलेला असतो. पिलरमध्ये तर बऱ्याच गाड्यांत गरम करून प्रेस केलेलं पोलाद वापरतात, त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या आसपास, त्याला गॅस लावून ओढलं की ती ताकदच जाते. म्हणून कंपन्या तो भाग गरम करायला मनाई करतात, बदलायचाच म्हणतात. पण कोपऱ्यावरच्या डेंटिंगवाल्याला कोण सांगणार.

तुमच्या अलाइनमेंटवाल्याने जे सांगितलं ते त्याला वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे. बहुतेक साध्या गाड्यांत पुढे टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) सेट करता येतो, कॅस्टर सेट करायची सोयच नसते, तो बॉडीच्या मापावरून आपोआप येतो. म्हणजे दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये मोठा फरक असेल तर काहीतरी जागेवरून हललंय किंवा वाकलंय. पण लगेच घाबरू नका, कारण ते काहीतरी म्हणजे वाकलेला लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) असू शकतो, खड्ड्यात दणकून सुद्धा वाकतो आणि बदलला की झालं, किंवा इंजिनाखालची सबफ्रेम सरकलेली असेल, ती बोल्ट ढिले करून जागेवर घेता येते. आणि स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा जोड) जिथे वर बसतो तो टॉवरच मागे गेला असेल तर मग खरी भानगड, कारण तो एप्रनला वेल्ड आहे. हे वेगळं काढायला मशीनवर एसएआय (त्याच वळणाच्या अक्षाचा समोरून दिसणारा आतला कल) म्हणून एक आकडा येतो, टॉवर आत-बाहेर झाला असेल तर तो बिघडतो, तर प्रिंटआउट मागून घ्या, त्यात कॅस्टर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), एसएआय आणि मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगल (ती गाडीला कोणत्या दिशेने ढकलतात) चारही पाहिजेत.

दरम्यान घरच्या घरी बघता येण्यासारखं बरंच आहे. बोनेट उघडा आणि उजवा-डावा एप्रन शेजारी शेजारी बघत जा, एकटा बघून काही कळत नाही, दोन्हींची तुलना करायची. फॅक्टरीचे स्पॉट वेल्ड म्हणजे बारीक गोल खळगे, सारख्या अंतरावर, ओळीत. दुरुस्तीत खळगा गायब असतो, किंवा ग्राइंड केलेली गुळगुळीत जागा, किंवा जाड फुगीर वेल्ड. जोडांवरचं सीलंट एका बाजूला सरळ एकसारखी रेघ आणि दुसऱ्या बाजूला बोटाने थापल्यासारखं असेल, नखाने दाबल्यावर मऊ लागत असेल, तर ते नंतरचं. फेंडरच्या आणि बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा, कोपऱ्यांचा रंग उडालेला, हे नुसतं तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही पण बाकीच्यासोबत जोडून बघा. रबर बीडिंग थोडी उचलून बघा, त्याखाली रंगाची कडा किंवा फवारा दिसतो, हा पेंटरचा सगळ्यात कॉमन आळस. हेडलाइट एक पिवळसर आणि एक नवाकोरा असेल तर काय ते समजा.

काचांवर कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि तारखेचा कोड असतो, सगळ्या काचा साधारण एकाच वर्षाच्या पाहिजेत. पुढची काच बदललेली असेल तर दगड लागूनही बदलते, तिला फार धरू नका, पण दरवाजाची किंवा मागची बाजूची काच वेगळी निघाली तर त्या बाजूला शोधा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तळाशी लेबल असतं त्यावर बनवल्याची तारीख असते. तो गाडीपेक्षा बराच नवा असेल, किंवा आत नीट ओढला जात नसेल, किंवा पट्ट्यावर रगडल्याच्या लहरी असतील, तर धडक चांगलीच मोठी झाली असण्याची शक्यता आहे. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर ते न विझण्यापेक्षा वाईट, कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो. उडालेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून दिवा शांत करणारेही आहेत, तिथे दिव्यावरून काही कळत नाही, कव्हर उघडून आत बघावं लागतं, आणि ते काम जाणकारानेच करायचं, तुम्ही स्वतः अजिबात नको.

पेंट मोजायचं मीटर कुणाकडे मिळालं तर छान. फॅक्टरी पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन, काही गाड्यांत कमी-जास्त. दुसऱ्यांदा रंगवलेल्या पत्र्यावर २०० ते ३०० दिसतं आणि खाली पुट्टी असेल तर आकडा पाचशे, हजार, कितीही जातो. पण नुसता फेंडर ४०० दाखवतोय म्हणून भांडायला जाऊ नका, पार्किंगमध्ये घासल्यावर पण रंगवतात. मीटर पिलरवर, दरवाजा उघडल्यावरच्या चौकटीत आणि छताच्या कडेला लावा, तिथे पुट्टी निघाली तर ती पार्किंगची नाही. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही, ॲल्युमिनियमच्या बोनेटला त्या जातीचं मीटर लागतं, नाहीतर उगाच चुकीचे निष्कर्ष निघतात.

हे सगळं झालं तरी डीलरसमोर ठेवायला लागतो तो तिसऱ्या माणसाचा लेखी रिपोर्ट. डीलरशी ओळख नसलेला सर्व्हेयर किंवा ज्यांच्याकडे मेजरिंग जिग (बॉडीची मापं घ्यायची चौकट) आहे असं बॉडीशॉप गाठा, गाडी लिफ्टवर घेऊन, चेसिस नंबर, किलोमीटर, तारीख, फोटो आणि मापं लिहून मागा. प्रत्येक मॉडेलचा डेटा असतो, पॉइंट ते पॉइंट अंतर, त्यात साधारण ३ मिलीमीटर इकडेतिकडे चालतं, १२-१५ आलं तर वाद घालायला जागा उरत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून जुनं काम निघतं का विचारा, आधीच्या विम्यावर क्लेम झाला होता का तेही विचारा, कधीकधी सगळी गोष्ट त्या एका कागदातच सापडते. आणि गाडीची जाहिरात अजून दिसत असेल तर आजच स्क्रीनशॉट काढा, "नो अ‍ॅक्सिडेंट" लिहिलेली ओळ दिसेल असा, चॅट पण सेव्ह करा, या गोष्टी तक्रार गेली की गायब होतात.

मग डीलरला लेखी कळवा, मेलवर, फोनवर नाही. शिव्या नको, फसवणूक वगैरे शब्द पण पहिल्या पत्रात नको, फक्त तुम्ही विकताना काय म्हणालात, रिपोर्टमध्ये काय निघालं, मला काय हवंय आणि कोणत्या तारखेपर्यंत. काय हवंय हे आधी घरी बसून ठरवा. नुसता आर्म किंवा सबफ्रेम निघाली तर दुरुस्तीचा खर्च मागा आणि गाडी ठेवा, माझ्या मते तेवढ्यासाठी गाडी परत करणं म्हणजे उगाच दगदग. टॉवर, मेंबर किंवा पिलर निघाला तर गाडी परत आणि पैसे परत, डीलरकडून दुरुस्ती स्वीकारू नका, ज्याने लपवलं त्याच्याच हाताने वेल्डिंग करून घ्यायचं का? तो म्हणेल तुम्ही "जशी आहे तशी" वर सही केलीय. त्या सहीचा अर्थ प्रत्येक ठिकाणच्या कायद्यात वेगळा लागतो, पण विचारल्यावर खोटं सांगणं आणि न सांगणं यात बहुतेक ठिकाणी फरक करतात, म्हणून तो स्क्रीनशॉट एवढा महत्त्वाचा. एक आहे, डीलरला खरंच माहीत नसेल हेही शक्य आहे, त्याने पण कुणाकडून तरी घेतलेली असते, पण तपासून विकणं हा त्याचा धंदा आहे, तुमचा नाही. ऐकलं नाही तर ग्राहक तक्रारीचा रस्ता, आणि तिथे उशीर केला, गाडी मजेत पळवत राहिलात, तर समोरचा तेच दाखवतो, त्यामुळे रिपोर्ट हातात येईपर्यंत गाडी कमीच चालवा, हायवेला तर नकोच.

प्रिंटआउट मिळालं की दोन्ही बाजूंचे कॅस्टर आणि एसएआयचे आकडे टाका, आर्म आहे की टॉवर याचा अंदाज त्यावरून सांगता येईल.