इन्क्लूडमधला पाथ: ‘अक्षरमाला’ की ‘नाव’?

प्रश्न असा आलाय की सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना हॅश इन्क्लूडच्या (दुसरी फाइल आपल्या प्रोग्राममध्ये ओढून घेणाऱ्या ओळीत) पुढे अवतरणात जे लिहितो त्याला मराठीत ‘अक्षरमाला’ म्हणजे स्ट्रिंग म्हणावं का, आणि पाथला, म्हणजे फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या मजकुराला, ‘मार्ग’ बरा की ‘पत्ता’.

अक्षरमाला नकोच, ‘नाव’ म्हणा. दिसायला ती स्ट्रिंगसारखी दिसते, पण सी भाषेत तिची जात वेगळी आहे, हेडरचं, म्हणजे इन्क्लूडने ओढून घ्यायच्या फाइलचं, नाव. माझी भाची जळगावला शिकते, तिने विंडोजवर न्यू नावाच्या फोल्डरात हेडर ठेवली, इन्क्लूडमध्ये बॅकस्लॅश देऊन पाथ लिहिला, चाललं. मग त्याच फोल्डरातली डेटा फाइल तसाच पाथ देऊन एफओपनने (फाइल उघडणाऱ्या फंक्शनने) उघडायला गेली तर काही केल्या उघडेना, रात्री साडेदहाला फोन, मामा, फोल्डर तेच आहे ना, मग तिकडे चालतं नि इकडे का नाही? आता एफओपनला जाते ती खरी स्ट्रिंग, तिथे बॅकस्लॅशला चिकटून एन आला की त्याची नवी ओळ होते, न्यू हे नावच मोडतं. इन्क्लूडमध्ये जीसीसी (सी चा कोड मशीनच्या भाषेत आणणारा एक कंपायलर) बॅकस्लॅशला साधं अक्षर मानतं, त्याचा काही अर्थ लावत नाही. मी तिला विचारलं, चाळीसगावचं तिकीट काढताना तू चाळीस गावं मोजतेस का? ते नाव आहे. तेच ‘चाळीस गावं फिरलो’ म्हटलं की मात्र मोजायची.

हेच नाव अवतरणाऐवजी टोकदार कंसात लिहिलं तरी तेच, < > च्या आत /* आलं तरी जीसीसी तिथे कॉमेंट सुरू झाली असं धरत नाही, नावाचाच भाग समजतं.

पण याच्यावर विसंबू नका. सी ९९ च्या स्टँडर्डमध्ये (भाषेच्या १९९९ च्या अधिकृत नियमावलीत) ६.४.७ या कलमात म्हटलंय की अशा नावात बॅकस्लॅश, एकेरी अवतरण, // किंवा /* आलं तर वर्तन अनडिफाइन्ड. या ‘अनडिफाइन्ड’ला बरेच जण मराठीत ‘चुकीचं’ म्हणतात ते मला पटत नाही, ‘अव्याख्यात’ म्हणा, कारण स्टँडर्डने तिथे हात वर केलेत, कंपायलर काहीही करू शकतो. शिवाय लिनक्सवर बॅकस्लॅश फोल्डर तोडतच नाही, तो फाइलच्याच नावात धरला जातो आणि फाइल सापडत नाही. सरळ / लिहा, विंडोजवरही चालतो.

राहिलं पाथचं. ड्राइव्हपासून किंवा रूटपासून पूर्ण लिहिलेला असेल तर ‘पत्ता’ चालेल. दोन टिंबं देऊन एक पायरी वर जाणारा असेल तर मला ‘वाट’ जास्त बरोबर वाटतं, कारण वाट कुठून धरायची ते सांगावं लागतं, आणि मुलं नेमकी इथेच अडकतात. अवतरणातली वाट जीसीसी आधी धरतं ती ज्या फाइलमध्ये ते इन्क्लूड लिहिलंय तिच्या फोल्डरपासून, तुम्ही कमांड कुठून चालवली तिथून नाही. आमच्याकडे आजी अहिराणीत ‘आठे ये’ म्हणायची तेव्हा आठे म्हणजे ती बसलीय तिथे, मी उभा होतो तिथे नाही.