गुणपत्रिकेत न येणारे टप्पे

अकरावीचे प्रवेश पार पडून कॉलेज रुळले की, साधारण दिवाळीच्या आसपास, माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांची तक्रार एकसारखी असते: ‘दहावीपर्यंत सगळं सांगायचा, आता तोंडच उघडत नाही.’ मुलगी असेल तर आधी तिच्या मोबाइलचा उद्धार होतो, मुलगा असेल तर मित्रांचा. पुढची वाक्ये तीच. या तक्रारीला उत्तर म्हणून एका कुटुंबाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतले बोलणे थोडक्यात आणले आहे.

कुटुंब मुंबईतल्या भांडुपचे, आई-वडील नोकरी करणारे, घरात आजी आणि अकरावी विज्ञानला असलेला मुलगा, ज्याला आपण ओंकार म्हणू. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या क्लासमधल्या चाचण्यांचे गुण त्याने घरी वाढवून सांगितले होते आणि ते उघडकीला आल्यापासून घरात अबोला होता. मी त्याला खरे बोलण्याचे महत्त्व पटवून द्यावे, अशी वडिलांची अपेक्षा होती. मी त्याऐवजी त्या दोघांनाच विचारले, “गेल्या वर्षभरात त्याने आयुष्यात पहिल्यांदा केली, अशी कोणती गोष्ट आठवते?”

“दहावीला 91 टक्के,” वडील लगेच म्हणाले.

“त्याखेरीज?”

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले.

ओंकारला एकट्याला हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्याला फारसा विचार करावा लागला नाही. “आजीला केईएमला मी एकटा घेऊन गेलो होतो. केसपेपर काढला, डोळ्यांच्या ओपीडीत नंबर लावला, थेंब कधी घालायचे ते पुन्हा विचारून लिहून घेतलं.”

“मग घरी काय म्हणाले?”

“पप्पांनी विचारलं, क्लास बुडला का?”

मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचारांवर माझा पिंड पोसला आहे. आपण घरातल्यांच्या उपयोगी पडतो आणि आपल्या असण्याला मोल आहे, ही खात्री मुलाला मिळाली नाही, तर मिळेल त्या मार्गाने तो ती मिळवू पाहतो. ज्या घरात फक्त गुणांची दखल घेतली जाते, तिथे गुण हाच तो मार्ग ठरतो, मग ते मिळवलेले असोत वा रचलेले. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या 1998 मधल्या अभ्यासात, ‘किती हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे सोपी कामे निवडू लागली आणि आपले गुण सांगताना अधिक प्रमाणात खोटे बोलली. प्रयत्नांची दखल घेतलेल्या मुलांत हे कमी दिसले. ओंकारचे खोटे मला म्हणूनच वळण बिघडल्याचे लक्षण वाटले नाही.

पुढच्या भेटीआधी मी वडिलांना एवढेच सुचवले की कौतुक करू नका, उपदेशही नको. फक्त त्या दिवसाबद्दल विचारा. त्यांना ते जड गेले. बराच वेळ घड्याळाचा पट्टा चाळवून ते म्हणाले, “सकाळच्या गर्दीत आजीला गाडीत चढवलंस कसं?”

ओंकारने आधी माझ्याकडे पाहिले. “भांडुपला नाहीच चढवलं. उलट ठाण्याला गेलो आणि तिथून सुटणारी स्लो पकडली. परळपर्यंत आजी खिडकीत बसून होती.”

“तिकीट?”

“भांडुप-ठाणे वेगळं, ठाणे-परळ वेगळं.”

वडील एकदम हसले. “तुझ्या वयात मी नसतं काढलं.”

माझ्या मते सगळे त्या क्षणी सुटले. वडील परीक्षकाच्या खुर्चीतून उठले होते. ओंकार केईएममधल्या रांगांबद्दल बोलत राहिला आणि बोलता बोलता, आवाजही न बदलता, म्हणाला, “पप्पा, क्लासमधलं फिजिक्स मला पहिल्या महिन्यापासून कळत नाही.” हे वाक्य काढून घ्यायला मी प्रश्नांची कितीही सरबत्ती केली असती, तरी ते मिळाले नसते, आणि ते ओळखून गप्प बसणे मला जमले याचे मला समाधान आहे.

पालकांना म्हणूनच सांगते की मुलाने एकट्याने केलेला पहिला लोकलप्रवास, घरी कोणी नसताना लावलेला कुकर, मित्रांना दिलेला पहिला नकार, फुटलेला आवाज किंवा मुलीची पहिली पाळी हे सगळे टप्पेच आहेत. त्यांची दखल त्याच दिवशी, साध्या कुतूहलाने घ्यावी. त्यासाठी पार्टी किंवा नवा मोबाइल लागत नाही. पाहुण्यांसमोर त्याचे प्रदर्शन करू नये आणि ‘असंच लक्ष अभ्यासात घाल’ हे शेपूट तर मुळीच जोडू नये, कारण मुलाला तेवढेच ऐकू येते. मात्र अबोल्याच्या जोडीला झोप आणि जेवण बिघडले असेल, किंवा जगण्यात अर्थ नसल्याची भाषा येत असेल, तर एवढ्यावर न थांबता लगेच तज्ज्ञाला भेटावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.

ओंकारने तो क्लास सोडला असून तूर्त कॉलेजचाच अभ्यास करायचा आणि पुढचे बारावीत ठरवायचे, असे तिघांनी मिळून ठरवले आहे. भरलेली फी परत मिळाली नाही. वडिलांना त्याचे वाईट वाटते, आणि ते त्यांनी ओंकारला सांगितलेही आहे.